घरात एकाला गहू चालत नाही: गोव्यातल्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

माझ्या मुलीला चौथीत असताना सिलिॲक निघाला. त्याआधी दोन वर्षे आम्ही जंतांची औषधे, लोहाची सिरपे आणि ‘आपल्याकडची मुले अशीच काटक असतात’ या समजुतीवर काढली. आता ती कॉलेजात आहे. ओळखीतल्या ओळखीतून फोंडा, डिचोली, पेडणे, मडगाव, कुठून कुठून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली. मी डॉक्टर नाही. तपासणी आणि औषधे पोटविकारतज्ज्ञांवर सोडा. स्वयंपाकघराचे मात्र मी ठामपणे सांगू शकते.

१. सिलिॲक म्हणजे गव्हाची ॲलर्जी, की गहू पचत नाही म्हणून होणारा त्रास?

दोन्ही नव्हे. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सिलिॲक असलेल्या माणसाने ते खाल्ले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नरस तेच शोषतात. ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब आणि फुगलेले पोट ही ओळखीची लक्षणे झाली. पण कित्येकांना पोटाचा त्रासच नसतो. उंची वाढत नाही, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, तोंड सारखे येते, दातांच्या एनॅमलवर डाग दिसतात, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड येतात. मोठ्यांत हाडे ठिसूळ होणे किंवा दिवस न राहणे एवढेच दिसू शकते.

गव्हाची ॲलर्जी निराळी. तिच्यात काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, धाप लागते. तिसरा प्रकार प्र. ५ मध्ये आहे.

२. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शीतकडी खाणारे. आम्हाला पंजाबातला आजार कसा झाला?

आजार पंजाबातला नाही, गव्हाचा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत सिलिॲकचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. या आजाराला लागणारी जनुके दोन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात होती. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा.

आता आपले ताट पाहा. सकाळी पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा, पाव, दहाच्या सुट्टीत बिस्किट, संध्याकाळी चहाबरोबर पुन्हा पाव किंवा बटर, आणि साखर वाढली म्हणून रात्री भाताच्या जागी चपाती. दुपारचा भात तेवढा जुना राहिला आहे.

३. तपासणी कोणती करायची?

आधी रक्ताची: टीटीजी-आयजीए, आणि तिच्यासोबत एकूण आयजीए. दुसरी मुद्दाम मागा. काही जणांच्या शरीरात आयजीए जातीची प्रतिद्रव्ये मुळातच कमी असतात, त्यांचा टीटीजी आजार असूनही ‘नॉर्मल’ येतो. रक्तात दोष दिसला तर एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे तपासतात. लहान मुलांत टीटीजी कमाल मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए नावाची तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर एंडोस्कोपी टाळता येते. ते तज्ज्ञ ठरवतील.

हे सगळे होईपर्यंत गहू बंद करू नका. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

४. आम्ही आधीच तीन महिने गहू सोडला, मुलगा सुधारलाही. आता तपासणीची गरज आहे का?

आहे, आणि आता ती अवघड झाली आहे. गहू सोडल्यावर रक्तातली प्रतिद्रव्ये उतरतात, आतडे भरून येते, आणि अहवाल खोटाच चांगला येतो. मग डॉक्टर काही आठवडे पुन्हा गहू खायला लावून तपासणी करतात. सुधारलेल्या मुलाला हाताने पाव भरवायचा, हे आईच्या जिवावर येते. तरी पक्के निदान नसेल तर पुढे आयुष्यभर ‘खरंच आहे की वाटतंय?’ हा वाद घरात राहतो आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी मूल स्वतःच पथ्य मोडते.

एचएलए ही जनुकीय तपासणी पथ्य चालू असतानाही करता येते. तिच्यात डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच असे समजतात. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. ती कितीतरी निरोगी माणसांतही असतात.

५. सगळे अहवाल नॉर्मल, तरी चपाती खाल्ली की पोट फुगते. हे मनाचे खेळ का?

नाही. सिलिॲक नाही, ॲलर्जीही नाही, तरी गव्हाने त्रास होणारी माणसे असतात. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी नाही. बाकीचे नाकारल्यावर, गहू काही आठवडे सोडून आणि परत घेऊन पाहतात. अनेकदा दोषी ग्लुटेन नसतेच, गव्हातले फ्रुक्टान नावाचे कर्बोदक असते. ते कांदा-लसणातही आहे, म्हणून चपाती सोडूनही पोट फुगतच राहते.

अशा व्यक्तीच्या आतड्याची सिलिॲकसारखी झीज होत नाही. सोसेल तेवढे खावे, वेगळा तवा, वेगळे तेल यांची गरज नाही. प्र. ९ पासून पुढचा काच सिलिॲकवाल्यांसाठी आहे.

६. घरातल्या बाकीच्यांनी तपासणी करावी का? कुणालाच काही होत नाही.

आई, वडील, सख्खी भावंडे आणि मुले यांनी करावी, लक्षणे नसली तरी. जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहा-बारा जणांत एकाला हा आजार सापडतो. आमच्याकडे मुलीपाठोपाठ तिच्या बाबांचा निघाला. पंधरा वर्षे ‘ॲसिडिटी’ म्हणून गोळ्या घेत होते. मुलाची तपासणी आज नॉर्मल आली तरी काही वर्षांनी पुन्हा करावी लागते, आजार कुठल्याही वयात उपटतो. टाइप-१ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वप्रतिरोधी आजार असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारावे.

७. मग खायचे काय?

उकडे आणि सुरय तांदूळ, पोहे, नाचणी, ज्वारी, बाजरी, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, मासे, अंडी, मटण, दूध, नारळ. म्हणजे आजीच्या काळातले जवळजवळ सगळे. पेज, नाचणीची तिझण, पोळे, घावन, सान्ना, शिरवाळ्या, खतखते, सोलकढी. एकादशीचा फराळ तर जणू या आजारासाठीच काढला आहे.

बंद: कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, बिस्किटे, जव, माल्ट घातलेली दुधातली पावडर. सातूच्या पिठात आणि थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतोच. सोया सॉसमध्येही असतो, म्हणून मंच्युरियन दोन्ही बाजूंनी बाद.

शब्दाने फसू नका. ‘इडली रवा’ तांदळाचा असतो, तो चालतो. ‘रवा इडली’ गव्हाच्या रव्याची, ती नाही. तवसोळी आणि फणसाची सांदणे आपल्याकडे तांदळाच्या रव्याची करतात, पण हल्ली काही जणी घाईत साधा रवा घालतात. विचारल्याशिवाय खाऊ नये.

८. खपली गहू चालतो म्हणतात. आणि पोयी तर कोंड्याची, आंबवलेली असते.

दोन्ही चालत नाहीत. खपली हा गहूच आहे, जुना असला म्हणून त्यातले ग्लुटेन जात नाही. पोयी सूर घालून फुगवलेली असो की यीस्ट घालून, पीठ गव्हाचेच. उंडो, कात्रे, कांकण या बाकीच्या पावांनाही हेच उत्तर.

९. सगळे पाळतो, तरी टीटीजी खाली येत नाही. कुठे चुकते?

आधी हे की टीटीजी हळूहळूच उतरतो. सहा महिन्यांनी अर्ध्यावर आला तरी गाडी रुळावर आहे, पूर्ण नॉर्मल व्हायला वर्ष-दोन वर्षेही लागतात. पण उतरतच नसेल तर हिंगाची डबी उघडा.

शुद्ध हिंग हा झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो इतका उग्र की पिठात मिसळूनच विकतात, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे असते. डबीच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आमची आठ महिन्यांची तपश्चर्या इथे वाया गेली. आमच्या माशाच्या कढीत तिरफळ पडते, हिंग पडत नाही, त्यामुळे कढी निर्धोक होती. आणि पोर अशक्त म्हणून मी मुद्दाम पथ्याचे वरण-भात भरवत होते, त्या वरणाला फोडणी हिंगाची! तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा. लोणची, पापड आणि तयार मसाल्यांतही हिंग असतो हे विसरू नका.

हिंग निर्दोष निघाला तर गिरण (प्र. १०), मग तेल आणि चाळण (प्र. १२), मग आजीची माया (प्र. १३), याच क्रमाने शोधा.

१०. तांदळाचे पीठ गिरणीतून दळून आणले तर काय बिघडते?

तुमच्या आधी ज्याचे गहू दळले, त्याचे पीठ जात्यात आणि पिशवीत बसलेले असते, ते तुमच्या डब्यात येते. ‘आधी थोडे तांदूळ टाकून काढतो’ म्हणणारे गिरणवाले मनाने चांगले असतात, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीही घालू नका. ती परवडत नसेल तर दोन-तीन सिलिॲक घरांनी मिळून घ्या. थोडे पीठ मिक्सरवरही होते: तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, दळायचे, नव्या चाळणीने चाळायचे. सुटे बेसन आणि सुटे नाचणीचे पीठ घेऊ नका. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ असेल तर भारतीय नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

११. माशांना रवा लावल्याशिवाय कसे तळायचे?

तांदळाचे जाडसर पीठ लावून. मिक्सरमधून काढलेली तांदळाची कणी लावली तर इसवण रव्यापेक्षा कुरकुरीत होते, हे आमच्याकडच्या रवावाद्यांनीही मान्य केले आहे. खरी अडचण बाहेर आहे. हॉटेलात ‘रवा नको, मसाला फ्राय द्या’ म्हटले तरी तवा आणि तेल तेच असते. प्र. १६ पाहा.

१२. तवा, भांडी, सगळे वेगळे हवे का?

स्टीलची भांडी, ताटे, चमचे साबणाने नीट घासले की पुरे. वेगळे हवे ते असे: पोळपाट-लाटणे, लाकडी डाव, पिठाची चाळण, टोस्टर, ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा, बिडाचा तवा. यांच्या भेगांत आणि जाळीत पीठ अडकते. तळणीचे तेल वेगळे, किंवा तिचे आधी तळून मग पुऱ्या. लोणी-जॅमच्या बाटलीत पावाचा सुरा बुडवून परत घालायचा नाही, तिची बाटली निराळी. कणीक मळायची तर तिचे जेवण झाकून ठेवा, पीठ उडते.

ग्लुटेन कातडीतून आत जात नाही. तुम्ही कणीक मळून मुलाला जवळ घेतले तर काही होत नाही, हात धुऊन मग भरवा.

घरातल्या सगळ्यांनीच गहू सोडावा का, हेही विचारतात. आम्ही अर्धवट सोडला. जेवण सगळ्यांचे एकच, भाकरी-भात. पाव फक्त सकाळी, टेबलाच्या एका कोपऱ्यात, वेगळ्या ताटलीत. घरात चार माणसांत दोन सिलिॲक असतील तर पूर्ण सोडणे सोपे पडते.

१३. सासूबाई म्हणतात, एका तुकड्याने काय होते? पोर तोंडाकडे बघते.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला, आणि विचारताना प्रत्येकीचा आवाज खाली गेला.

आकडा सांगा. आपल्या एका लहान पावात साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या पावाचा चाळिसावा भाग, तीन महिने पोटात गेला तरी आतड्याला इजा होते असे दिसले आहे. बहुतेकांना रोज १० मिलिग्रॅमपर्यंत सोसते. तुकडा त्याच्या कितीतरी पुढे जातो. आणि मूल लगेच रडत-ओकत नाही, म्हणून ‘बघ, काही झालं नाही’ असे वाटते. झीज आत होत असते.

आकड्याने भागत नाही तिथे गोष्ट सांगा. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेना. बाकीचे जग उपाशी होते आणि त्यांच्याकडची ही आजारी मुले सुधारत होती. पाव परत आला, मुले पुन्हा ढासळली. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता, तो पक्का झाला. माझ्या सासूबाईंना ही गोष्ट पटली, कारण त्यांनी रेशनचे दिवस पाहिले होते.

तरी सर्वांत उपयोगी पडले ते वेगळेच. मी त्यांनाच तिच्या खाऊच्या डब्याची मालकीण केले. लाडू नाचणीचे, चिवडा पोह्यांचा, पण द्यायचा आजीने. त्यांना हवा होता देण्याचा आनंद, पावावर त्यांचा जीव नव्हता.

१४. चवथीला आणि सत्यनारायणाला काय करायचे? प्रसादाला नाही कसे म्हणायचे?

चवथ आपली सोपी आहे. उकडीचे मोदक, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, खतखते, पायस, सगळे तांदूळ-नारळाचे. नेवऱ्या नाहीत, पारीच मैद्या-रव्याची. आम्ही सारण वेगळे काढून तिला वाटीत देतो. चकलीची भाजणी घरची असेल तर ठीक, आणि ती नव्या तेलात सर्वांत आधी तळायची.

सत्यनारायणाचा शिरा ही खरी पंचाईत. पण कथेच्या पहिल्याच अध्यायात गव्हाचे पीठ नसेल तर तांदळाचे घ्यावे, अशी सोय सांगितलेली आहे. भटजींना हे आधी फोनवर विचारा, ऐन पूजेत नको. आमच्या भटजींनी हसून ‘शालिचूर्ण’ म्हटले आणि सव्वा किलो तांदळाच्या पिठाचा शिरा झाला. दुसऱ्याच्या घरी पूजा असेल तर केळे आणि तीर्थ घ्यावे, शिरा हातात घेऊन घरच्यांना द्यावा. देवाला कळते. शेजाऱ्यांना कळायला एक वर्ष लागते.

नाताळात शेजारून ताट आले तर दोदोल आणि चण्याच्या डाळीचे दोस बहुधा चालतात, पण करणाऱ्या बाईला विचारून. बिबिंका, बोलिन्हा, कुलकुले नाहीत.

१५. शाळेत काय सांगायचे?

वर्गशिक्षिकेला एका कागदावर लिहून द्या: काय चालत नाही, चुकून खाल्ले तर काय होते, कुणाला फोन करायचा. डॉक्टरांचे पत्र जोडा. सरकारी शाळेत माध्यान्ह आहारात पाव-भाजी असते, त्या दिवशी डबा घरचा. वाढदिवसाच्या केकसाठी बाईंच्या कपाटात तिच्यासाठी शेंगदाण्याच्या चिक्कीचे पाकीट ठेवून द्या. केक चुकला याचे दुःख कमी असते. सगळे खात असताना रिकाम्या हाताने बसावे लागते ते जास्त लागते.

१६. लग्नात, हॉटेलात काय खावे?

लग्नात भात, आणि तोही सुरुवातीला, डाव इकडून तिकडे फिरण्याआधी. वरणात हिंग असणारच, म्हणून मी पर्समध्ये तळलेले बांगडे नेते असे सांगितले तर हसाल. चटणी आणि उकडलेली अंडी नेते. हॉटेलात फिश करी-राइस मागा आणि करीत दाटपणाला मैदा घातला आहे का विचारा. तळलेले काही नको. ‘ग्लुटेन’ म्हटल्यावर वेटर मान हलवतो आणि त्याला काही कळलेले नसते. ‘गहू, मैदा, रवा, हिंग’ असे चार शब्द म्हणा.

१७. ओट्स?

ओट्समध्ये गव्हाचे ग्लुटेन नसते, पण शेतापासून गोदामापर्यंत गव्हाची भेसळ होते. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलेच घ्या, तेही निदानानंतर आजार आटोक्यात आल्यावर आणि डॉक्टरांना विचारून. थोड्या जणांना शुद्ध ओट्सनेही त्रास होतो.

१८. पावाची सवय सुटत नाही. काही पर्याय?

पोदेराच्या भोंप्याला पर्याय नाही, ते सोडून बोलू. रस्सा पुसून खायला सान्ना सर्वांत जवळची. भाकरीचे पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळले तर तुटत नाही. घरी पाव करायचा तर तांदूळ-ज्वारीच्या पिठात इसबगोल घाला, ग्लुटेनचा चिकटपणा तोच थोडाफार आणतो. पहिले चार पाव विटा होतील, कुत्र्यांनीही नाकारले होते. पाचवा बरा झाला.

१९. गोळ्या आणि काढ्यांत ग्लुटेन असते का?

बहुतेक गोळ्यांत स्टार्च मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, पण फार्मसीवाल्याला घटक तपासायला सांगा. औषध स्वतःहून बंद करू नका. सुटी चूर्णे आणि ‘शक्तिवर्धक’ पावडरी मी टाळते. गव्हाच्या अंकुरांचा रस आणून देणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना नमस्कार करावा आणि रस परत द्यावा.

२०. चुकून खाल्ले तर उतारा काय?

उतारा नाही. पाणी, पेज, विश्रांती. उलट्या-जुलाब थांबत नसतील तर डॉक्टर. मुलाला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते लपवील.

२१. बियर, फेणी?

बियर जवाची, म्हणून बंद. काजूची आणि माडाची फेणी, उराक यांत ग्लुटेन नाही. हा प्रश्न विचारणारे सगळे पुरुष होते आणि उत्तर ऐकून सगळ्यांचा आवाज सुधारला.

२२. माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या मुलाचा पहिला कुमगार (कम्युनियन) आहे. त्यात देतात ती ओस्ती, म्हणजे पातळ पवित्र भाकर, गव्हाची असते ना?

असते. पूर्ण ग्लुटेनविरहित ओस्ती चर्चच्या नियमात बसत नाही, २०१७ साली व्हॅटिकनने ते पुन्हा स्पष्ट केले. अगदी कमी ग्लुटेनची ओस्ती मात्र चालते, किंवा फक्त द्राक्षारस घेता येतो. पाद्रींशी काही आठवडे आधी बोलायला सांगा. कमी ग्लुटेनची ओस्ती मागवावी लागते आणि ती इतर ओस्त्यांत मिसळू द्यायची नसते. डॉक्टरांनाही त्यातले प्रमाण विचारून घ्यावे.

२३. मुलीचे लग्न जमवताना हे सांगायचे का?

सांगायचे, पहिल्या भेटीतच, चहा-बिस्किटाची बशी पुढे आली की. आपसूक विषय निघतो. लपवले तर नव्या घरात ती पहिल्याच आठवड्यात संकोचाने चपाती खाईल आणि आजारी पडेल. पथ्य पाळले तर संसार, नोकरी, बाळंतपण सगळे इतरांसारखे होते. बाळाला होईलच असे नाही (प्र. ६). आमच्याकडे अजून वेळ आहे, पण कन्येने अट आधीच जाहीर केली आहे: मुलाला तांदळाची भाकरी थापता आली पाहिजे.